हिवाळ्यात पिवळ्या पडलेल्या हरळीच्या लॉनवर तणनाशक मारावे का?

कार्यालयवाले_निपाणी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. निपाणीजवळ आमच्या कुटुंबाचे मंगल कार्यालय असून त्याच्या पुढे साधारण बारा गुंठ्यांचे लॉन आहे. गवत रोपवाटिकेतून आणलेले नाही. गावच्याच हरळीच्या काशा (जमिनीखालची धावती खोडे) रोवून, वर रोलर फिरवून आणि नियमित कापणीचे मशीन मारून ते तयार केले आहे. पावसाळ्यात ते इतके दाट होते की दुसरे काही उगवायला जागाच राहत नाही. अडचण सुरू होते ती तुळशीचे लग्न झाल्यावर, आणि नेमका तोच आमचा लग्नसराईचा काळ. नोव्हेंबर संपता संपता हरळी पिवळी पडते, जानेवारीत वाळल्यासारखी तपकिरी दिसते, आणि त्या तपकिरी रंगावर चाकवत, रानमेथी, आंबुशी, एकदांडी, चांदवेल ही हिरवी तणे लांबूनही डोळ्यांत भरतात. कुंपणाच्या भिंतीलगत गाजर गवतही आहे. मजूर लावून भांगलण करून घेतो, पण ऐन हंगामात माणसे मिळत नाहीत आणि चांदवेल वरून कितीही ओढली तरी मूळ खालीच राहते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत बर्म्युडा गवताची लॉन हिवाळ्यात पूर्ण सुप्त झाली की त्यांवर थेट ग्लायफोसेट हे तणनाशक फवारतात, हिरवी तणे मरतात, झोपलेल्या गवताला काही होत नाही आणि वसंतात ते पुन्हा फुटते, असे माझ्या वाचनात आले. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. मग हा उपाय आपल्याकडे का करू नये, हा माझा पहिला प्रश्न आहे. करू नये असे असेल तर दुसरे कोणते तणनाशक वापरावे? उसासाठी आणलेली २,४-डी आणि ॲट्राझिन घरात शिल्लक आहेत.

निर्णयावर परिणाम होईल अशा दोन गोष्टी आधीच सांगतो. कार्यालयाच्या पश्चिमेला बांधाला लागून दुसऱ्यांचा तंबाखू उभा आहे, आणि संकष्टीला आसपासच्या आयाबाया आमच्या लॉनमधून दूर्वा खुडून नेतात.

शेतकी_धारवाड

कार्यालयवाले, नमस्कार. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात शिकताना तणशास्त्र हा माझा विषय होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपण वाचले ते खोटे नाही. परंतु त्या उपायाचा सगळा भार एका अटीवर आहे आणि ती अट आपल्याकडे बहुतेक वर्षी पूर्ण होत नाही.

हरळी हे उष्ण हंगामातले गवत आहे. दिवसाचे तापमान सत्तावीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान असताना ते जोमाने वाढते, पंधरा अंशांच्या खाली वाढ जवळजवळ थांबते, आणि मातीचेच तापमान दहा अंशांच्या आसपास उतरून तिथे टिकले की ते खऱ्या अर्थाने सुप्तावस्थेत जाते. जॉर्जिया किंवा कॅरोलिनात तसे घडते. तिथे दव गोठते, पानांतील हरितद्रव्य नाहीसे होते आणि जमिनीवरचा सगळा भाग वाळक्या गवताच्या रंगाचा कागद व्हावा तसा निर्जीव होतो. ग्लायफोसेट शिरते ते हिरव्या भागातून. वाळलेल्या पानातून ते आत जाऊ शकत नाही आणि मातीला लागताच मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसते, म्हणून मुळांवाटेही फारसे जात नाही. तिथले गवत वाचते ते एवढ्यामुळेच. त्याला त्या औषधाची सहनशक्ती असते म्हणून नव्हे.

आता आपल्याकडचे पाहू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. जानेवारीत पहाटे बारा ते पंधरा अंश असते, एखाद्या थंडीच्या लाटेत त्याहून खाली जाते, पण दुपारी ऊन पडले की पारा अठ्ठावीस-तीसपर्यंत चढतो. अशा हवेत माती दहा अंशांना टिकून राहत नाही. मग हरळी पिवळी का पडते? मुख्यतः पाण्यामुळे. परतीचा पाऊस ऑक्टोबरात संपतो, त्यानंतर पाणी मिळते ते तुम्ही द्याल तेवढेच, आणि रात्रीच्या गारठ्याने वाढ आधीच मंद झालेली असते. गवत पाने वाळू देते आणि जीव बुडख्यात व काशांत सांभाळून ठेवते. वरून ते सुप्त दिसते, आत मात्र पुरेसे जागे असते.

खात्री करायची असल्यास लॉनवर गुडघे टेकून बसा आणि वाळलेला थर दोन्ही हातांनी भांग पाडल्यासारखा बाजूला करा. जमिनीला चिकटून धावणारी खोडे दिसतील. त्यांचे पेर नखाने खरवडून पाहा आणि प्रत्येक पेराशी असलेला कोंब बघा. आत पांढरट हिरवा ओलावा दिसला, एखादे बारीक हिरवे पान पेरातून डोकावत असले, तर ग्लायफोसेटला वाट मोकळी आहे. हे एकाच जागी करू नका. नळाजवळ, भिंतीच्या सावलीत आणि भर उन्हात, अशा वेगवेगळ्या ठिकाणी पाहा. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे एका कोपऱ्याला भरपूर पाणी द्या आणि वाट बघा. भर जानेवारीत पाण्याने तो कोपरा हिरवा होऊ लागला, तर गवत थंडीने नव्हे, तहानेने पिवळे पडले आहे.

यात आणखी एक गोम आहे. थंडीच्या सुमारास हरळी पानांतले अन्न खाली काशांकडे पाठवत असते आणि ग्लायफोसेट त्याच प्रवाहाबरोबर खाली उतरते. नुकसान लगेच दिसत नाही, कारण वरचा भाग तसाही वाळलेलाच असतो. मे महिन्यात वळीव पडल्यावर सगळीकडे हिरवे होते आणि लॉनच्या मधोमध मोठमोठे चट्टे पडलेले दिसतात. शेतातली हरळी मारायला आपल्या भागातले शेतकरी कोणते औषध आणतात हे आपल्याला मी सांगायला नको. तेच औषध आपण ज्या गवतासाठी एवढी मेहनत घेता त्यावर मारायला निघाला आहात.

कायद्याची बाजूही आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर केवळ परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा असे बंधन घातले. सध्याची नेमकी स्थिती आपल्या होबळीच्या (महसुली मंडळाच्या) रयत संपर्क केंद्रात विचारून घ्यावी.

तेव्हा जे औषध हरळीला सोडून फक्त रुंद पानांच्या तणांना मारते तेच आपल्या कामाचे, आणि ते आपल्या घरात आहे: २,४-डी. हे वनस्पतीतील वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. रुंद पानांचे तण बेसुमार, वेडीवाकडी वाढ होऊन पिळवटून मरते, तर हरळीसारखी गवते ते आत घेतले तरी बऱ्याच अंशी निष्प्रभ करतात. ऊस आणि गहू त्यातून वाचतात ते याच कारणाने. परंतु तण कोवळे आणि वाढते असले पाहिजे. तहानलेल्या चाकवताच्या पानावर मेणाचा थर जाड झालेला असतो आणि त्यावर पडलेले औषध वरच राहते. म्हणून फवारणीच्या एक-दोन दिवस आधी लॉनला पाणी द्यावे, आधी आणि नंतर दोन-तीन दिवस मशीन मारू नये, आणि ऊन चढून हवा उबदार झाल्यावर फवारावे. गारठलेल्या पहाटे मारलेल्या २,४-डीचा परिणाम फार सावकाश दिसतो.

आपल्या यादीतील सगळी तणे याने सारखीच मरणार नाहीत. चाकवत, रानमेथी आणि एकदांडी कोवळी असताना चांगली मरतात. गाजर गवत फुलावर येण्याआधी मरते, फुले आल्यावर नुसते वाकडे होऊन पुन्हा सावरते. चांदवेलीची मुळे फार खोल असल्याने ती कळ्या धरण्याच्या सुमारास फवारावी, कारण तेव्हा औषध मुळांपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक असते, आणि तरीही ती पुन्हा फुटेल हे धरून चालावे. आंबुशीवर २,४-डीचा भरवसा नाही.

मैदान_टिळकवाडी

वरील उत्तर शास्त्राच्या बाजूने पूर्ण आहे. बेळगावात एका महाविद्यालयाच्या मैदानाची देखभाल माझ्याकडे असल्याने मी कामाच्या बाजूने थोडी भर घालतो.

कार्यालयवाल्यांनी एक गोष्ट लिहिलेली नाही, पण ती असणारच: तणे सगळीकडे सारखी नसतील. जिथे मांडव पडतो, स्टेज उभे राहते, खुर्च्यांच्या रांगा लागतात आणि पंगतीची ये-जा होते, तिथे हरळी तुडवली जाते, माती घट्ट होते आणि मधूनमधून टक्कल पडते. हिवाळी तणाचे बी अशाच उघड्या जागेत उजेड मिळाल्यावर उगवते. दाट हरळीखाली ते वर्षानुवर्षे पडून राहील. त्यामुळे औषधावर खर्च करण्याआधी मांडवाचे खांब आणि स्टेज दर वेळी त्याच जागी येणार नाही असे पाहावे, कार्य झाले की कार्पेट आणि ताडपत्र्या त्याच दिवशी उचलाव्यात, आणि गणपतीनंतर मशीनची पाती एक टप्पा वर घ्यावीत. लग्नाच्या फोटोंसाठी गवत अगदी जमिनीलगत कापण्याची कार्यालयांची पद्धत मला मुळीच पटत नाही. त्याने दोन दिवस गालिचा दिसतो आणि पुढे दोन महिने तण दिसते.

दुसरी गोष्ट वेळेची. उगवलेल्या तणाच्या मागे लागण्यापेक्षा ते उगवूच न देणारे औषध आधी देणे स्वस्त पडते. पेंडिमेथालिन हे कांदा, सोयाबीन, भुईमूग करणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. ते उगवत्या बीच्या मुळांची वाढ रोखते आणि उगवून वर आलेल्या तणावर काहीच करत नाही, म्हणून ते हिवाळी तण उगवण्याआधी, म्हणजे आपल्याकडे नवरात्र ते दसऱ्याच्या सुमारास पडले पाहिजे. पिकांतल्या शिफारशींप्रमाणे हेक्टरी एक किलो सक्रिय घटक (औषधातला प्रत्यक्ष तण रोखणारा भाग) धरला, तर ३० टक्क्यांच्या औषधाचे हेक्टरी सव्वातीन लिटरच्या आसपास, म्हणजे गुंठ्याला ३३ मिलि होतात. फवारल्यावर ते मातीत उतरवावे लागते. त्यासाठी साधारण बारा मिलिमीटर पाऊस किंवा तेवढेच पाणी हवे, आणि गुंठ्याला बारा मिलिमीटर म्हणजे सुमारे १,२०० लिटर. परतीच्या पावसाची एखादी सर गाठता आली तर टँकर वाचतो. मात्र जिथे टक्कल पडले आहे आणि हरळीने धावून ती जागा भरावी अशी आपली इच्छा आहे, तिथे हे औषध देऊ नये. तणाच्या मुळांना ते जसे रोखते तसेच हरळीच्या नव्या पेरांतून सुटणाऱ्या मुळांनाही रोखते. आणखी एक, हे औषध पिवळेजर्द असते आणि फरशीवर, चुन्याच्या भिंतीवर डाग पडला की निघत नाही. कार्यालयाच्या पायऱ्या आधी झाकून घ्या.

तिसरी गोष्ट पंपाची. औषधाचे माप सगळेजण डब्याच्या टोपणाने घेतात आणि चालण्याचा वेग मात्र कोणी मोजत नाही. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे एक गुंठा जागा दोरीने आखा, पंपात साधे पाणी मोजून भरा, नेहमीच्या चालीने ती जागा फवारा आणि किती पाणी गेले ते पाहा. समजा पाच लिटर गेले, तर पंधरा लिटरचा पंप तीन गुंठ्यांना पुरतो आणि पंपात तीन गुंठ्यांचेच औषध पडले पाहिजे. फवारणारा माणूस बदलला की हे माप पुन्हा घ्यावे, कारण एकाची चाल आणि दुसऱ्याची चाल यांत दीडपट फरक सहज पडतो. नोझल पंख्यासारखा सपाट फवारा देणारे वापरावे. कीटकनाशकाचे शंकूसारखे, धुक्यागत उडणारे नोझल तणनाशकाला वापरू नये. त्याचे कारण शेजारचा तंबाखू.

सौंदलग्याचा_शेतकरी

तंबाखूचा विषय निघाला म्हणून लिहितो, आणि बांधाच्या पलीकडच्या माणसाच्या बाजूने लिहितो.

२,४-डीला अत्यंत हळव्या पिकांची नावे काढायची झाली तर तंबाखू, कापूस, टोमॅटो आणि द्राक्ष ही पहिल्या रांगेत येतात. तंबाखूवर त्याचा नुसता वास गेला तरी शेंड्याची नवी पाने अरुंद, पट्टीसारखी होतात, शिरा जवळ येतात, कडा खाली वळतात आणि देठ पिळवटतो. दुसऱ्या पिकात पान थोडे बिघडले तरी दाणा किंवा फळ हाती लागते, पण तंबाखूचे पान हाच माल आहे. श्रावण-भाद्रपदात लावलेला, शेंडा खुडून आणि फुटवे काढून आणलेला तंबाखू डिसेंबर-जानेवारीत काढणीवर येतो, म्हणजे ज्या दिवसांत आपण फवारणीचा विचार करत आहात त्याच दिवसांत शेजाऱ्याचे वर्षाचे उत्पन्न शेतात उभे असते.

म्हणून विनंती अशी की घरातला डबा आधी नीट वाचा. २,४-डी तीन रूपांत मिळते: सोडियम सॉल्ट, अमाइन सॉल्ट आणि इथाइल एस्टर. एस्टर उन्हाने वाफ होऊन उडते. फवारताना वारा नसला तरी दुपारी तापलेल्या जमिनीवरून ती वाफ उठते आणि पुढे जाते. तंबाखूच्या शेजारी एस्टर वापरूच नये, मग ते घरात फुकट पडलेले का असेना. अमाइन सॉल्ट फारसे उडत नाही, त्याचा धोका मुख्यतः फवाऱ्याच्या बारीक थेंबांचा असतो आणि तो सावधपणे टाळता येतो.

थंडीत आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून असतो आणि आपला शेजारी पश्चिमेला आहे, म्हणजे नेमका वाऱ्याच्या तोंडावर. अजिबात वारा नसलेली धुकट पहाट सुरक्षित वाटते, परंतु थंडीत त्या वेळी गार हवा जमिनीलगत कोंडलेली असते आणि बारीक थेंब तिच्यात तरंगत राहून कुठेही सरकतात. हलका वारा तंबाखूकडून आपल्याकडे येत असेल तो दिवस धरावा, पश्चिमेची पट्टी औषधाविना सोडून तिथे भांगलण करून घ्यावी, आणि फवारण्याआधी शेजाऱ्याला सांगावे. सांगितल्याने तो नाही म्हणेल अशी भीती असते, पण न सांगता झालेल्या नुकसानीचा तंटा पुढे किती वर्षे चालतो हे सीमाभागातल्या कोणत्याही गावात विचारा.

पंपाविषयी एक सांगायचे राहिले. ज्या पंपातून २,४-डी मारली तो पंप धुऊनही पुन्हा तंबाखू, भाजीपाला किंवा द्राक्षाला वापरू नये. नळीत आणि वायसरमध्ये राहिलेला अंश पुरेसा असतो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा आणि त्यावर रंगाने खूण करावी. पंप भाड्याने आणत असाल तर विकत घ्या.

कार्यालयवाले_निपाणी

आपण तिघांनीही एवढ्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे गवताचा थर बाजूला करून पाहिले. भर उन्हातल्या जागी पेर कोरडे, फिक्या पिवळ्या रंगाचे आहेत, पण नखाने खरवडल्यावर आत ओल आहे. नळाभोवती आणि भिंतीच्या सावलीत तर पेरापेराला हिरवी पाने आहेत, फक्त वरच्या वाळलेल्या थराखाली ती दिसत नव्हती. तेव्हा ग्लायफोसेटचा विचार सोडून दिला. घरातला डबा एस्टरचा निघाला, तोही बाजूला ठेवला.

आता दोन शंका उरल्या आहेत. दुकानदाराने २,४-डीऐवजी मेटसल्फ्युरॉन सुचवले असून ते अगदी थोडे लागते आणि वास येत नाही असे त्याचे म्हणणे आहे. ते घ्यावे का? आणि ॲट्राझिन वापरता येईल का? लॉनच्या कडेला नारळाची झाडे, एक जुना आंबा आणि आमची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे.

शेतकी_धारवाड

विहीर आणि आंबा यांचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण दोन्ही शंकांची उत्तरे त्यातच आहेत.

ॲट्राझिन हे उसाचे आणि मक्याचे औषध आहे. पूर्ण सुप्त हरळीवर ते परदेशात वापरतात, पण हरळी जागी होत असताना दिले तर तिला इजा करते, आणि आपली हरळी जागी आहे हे आपणच पाहिलेत. शिवाय ते ग्लायफोसेटसारखे मातीला घट्ट धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली झिरपते आणि भूजलात बराच काळ टिकते. पिण्याच्या विहिरीजवळ ते नकोच.

मेटसल्फ्युरॉन हे चांगले औषध आहे आणि हरळी ते सहन करते, हे खरे. आंबुशीवर ते २,४-डीपेक्षा बरे काम करते. परंतु ते मुळांवाटेही शोषले जाते आणि आंब्याची मुळे फांद्यांच्या विस्ताराच्या कितीतरी बाहेर, आपल्या लॉनखाली पसरलेली असणार. फुलझाडांच्या वाफ्यांनाही ते चालत नाही. दुसरी अडचण मापाची आहे. गव्हात त्याची मात्रा हेक्टरी चार ग्रॅम सक्रिय घटक, म्हणजे २० टक्क्यांच्या पावडरीचे वीस ग्रॅम आहे. गुंठ्याला ती भरते ग्रॅमचा पाचवा हिस्सा. किराणा दुकानाच्या तराजूवर हे मोजता येत नाही आणि चिमटीने टाकले तर किती पडले याचा पत्ता लागत नाही. आपल्या जागेत मी ते वापरणार नाही.

उरते ती अमाइन सॉल्टची २,४-डी. गव्हातील मात्रा हेक्टरी ५०० ते ७५० ग्रॅम सक्रिय घटक आहे. ५८ टक्क्यांचे द्रावण घेतले तर वरच्या मात्रेला हेक्टरी सुमारे १.३ लिटर, म्हणजे गुंठ्याला १३ मिलि होतात. माहितीपत्रकावर कोणत्या पिकांची नावे आहेत ते वाचावे, आणि लॉनसाठी वापरण्याआधी मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना एकदा विचारावे. त्यांच्या होकारानंतरही आधी कोपऱ्यातल्या एका पट्टीवर मारून हरळी कशी राहते हे पाहावे, मग पुढे जावे. सगळे बारा गुंठे सरसकट फवारण्याची तर गरजच दिसत नाही. जिथे तण आहे तिथेच, नोझल गुडघ्याच्या खाली धरून, ठिपके दिल्यासारखे मारले तर औषध निम्म्याहून कमी लागेल आणि तंबाखूचा धोकाही त्याच प्रमाणात उतरेल. आंब्याच्या आणि नारळाच्या बुंध्याभोवती हातानेच काढा.

आंबुशी आणि गाजर गवत हाताने काढण्याची तणे आहेत. आंबुशीच्या शेंगा पिकल्या की नुसत्या स्पर्शाने फुटून बी दूर उडते, म्हणून ती फुले असतानाच, पाणी दिल्यानंतर माती मऊ असताना मुळासकट उपटावी. गाजर गवताला मजूर उघड्या हातांनी लागले तर पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते आणि कातडीवर पुरळ उठते, त्यांना हातमोजे द्या. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बेंगळुरूला सोडला गेला आणि तिथून बराच पसरला, पण तो पावसाळ्यात कामाला येतो. आपण ज्या दिवसांविषयी विचारत आहात त्या दिवसांत तो जमिनीत विसावलेला असतो.

लव्हाळ्याविषयी आपण लिहिले नाही, पण विचाराल म्हणून सांगतो. त्याची वाढ थंडीत मंदावते आणि गाठी खाली स्वस्थ असतात, त्यामुळे उसात वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन जानेवारीत मारणे म्हणजे पैसे वाया घालवणे. ते पावसाळ्यात, लव्हाळ्याला चार-पाच पाने आली असताना द्यावे.

मैदान_टिळकवाडी

कार्यालयाच्या तारखांविषयी एवढेच सांगतो. दोन कार्यांमध्ये मोकळे दिवस असतील तेव्हाच फवारणी धरावी. फवारल्यावर माहितीपत्रकात सांगितलेला काळ, आणि कोणत्याही परिस्थितीत फवारा पूर्ण वाळेपर्यंत, लॉनवर कोणालाही सोडू नये. लहान मुले अनवाणी लोळतात, त्यांच्यासाठी मी आणखी एक पाणी देऊन मगच जागा उघडतो, पण ते पाणी फवारणीनंतर लगेच नव्हे, दुसऱ्या दिवशी. २,४-डी मारलेली तणे पिळवटून, पिवळी पडून पूर्ण वाळायला दोन ते तीन आठवडे घेतात. तेव्हा शनिवारी मारून रविवारच्या लग्नाला लॉन स्वच्छ दिसेल असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. जवळच्या तारखेसाठी भांगलणच करून घ्या.

फवारलेल्या भागाचे कापलेले गवत गुरांना घालू नये, आणि भाजीच्या वाफ्यावर आच्छादन म्हणूनही टाकू नये.

दूर्वांचे मात्र नीट ठरवावे लागेल. आयाबायांना नुसते "यंदा नको" म्हटले तर त्या कुंपणाच्या दुसऱ्या बाजूने येतात. नळाजवळची, मुळात हिरवी राहणारी पट्टी दोरी बांधून वेगळी काढा, तिथे कोणतेही औषध मारू नका, आणि दूर्वा तिथूनच न्याव्यात असा मराठीत आणि कन्नडमध्ये फलक लावा. पाणी असल्याने तिथल्या दूर्वा कोवळ्या असतात, त्यामुळे लोक आपणहून तिकडेच वळतील.